लॉन्ग रनची चारशे एकर जमीन आणि लिंकन यांचे आजोबा

केंटकीतल्या लुईव्हिल शहरात राहू लागल्यावर लवकरच लक्षात येते की, इथल्या वयस्कर मंडळींचा आवडता छंद म्हणजे स्वतःच्या घराण्याची वंशावळ खणून काढणे. मात्र पूर्वज अठराव्या शतकात ॲपलाशियन डोंगर ओलांडून इकडे आलेला असेल, तर पहिल्याच पायरीवर अडचण येते. देशाची पहिली जनगणना 1790 मध्ये झाली खरी, पण केंटकीचे 1790 आणि 1800 या दोन्ही सालांचे जनगणनेचे कागद उरलेले नाहीत. आणि 1850 पूर्वीच्या जनगणनांत नाव यायचे ते केवळ कुटुंबप्रमुखाचे, बाकीच्यांची फक्त संख्या. मग शोध घ्यायचा तो जमिनीच्या दप्तरात आणि मृतांच्या मालमत्तेच्या न्यायालयीन नोंदींत. ही पद्धत मला नीट उमगली ती अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या आजोबांच्या कागदांवरून. त्यांचेही नाव अब्राहमच होते.

केंटकी 1792 पर्यंत व्हर्जिनियाचाच भाग असल्यामुळे जमीन मिळवण्याची रीतही व्हर्जिनियाची होती. आधी सरकारी खजिन्यात पैसे भरून वॉरंट, म्हणजे ठरावीक एकर जमीन घेण्याचा परवाना घ्यायचा, मग हवी ती जागा मोजणीदाराच्या वहीत नोंदवायची, त्यानंतर मोजणी करवायची आणि शेवटी राज्यपालांच्या सहीचे ग्रँट, म्हणजे मालकीचा दस्त, हाती पडायचा. या चार टप्प्यांचे जे कागद टिकले आहेत, ते फ्रँकफर्ट या राजधानीतल्या लँड ऑफिसात आहेत आणि त्यांतले बरेचसे आता घरबसल्या पाहता येतात. (ज्या शॉनी लोकांचे हे शिकारीचे रान होते, त्यांच्या हक्काचा कागद अर्थातच या दप्तरात नाही.)

आजोबा लिंकन यांनी 1780 मध्ये व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीतली आपली 250 एकर जमीन 5,000 पौंडांना विकली आणि त्याच वर्षी केंटकीतल्या 400 एकरांचे वॉरंट 160 पौंडांना घेतले. पहिला आकडा पाहून हुरळून जाऊ नये, कारण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धामुळे त्या काळच्या कागदी चलनाची किंमत पार घसरलेली होती. त्या विक्रीच्या दस्तात पत्नीचे नाव बॅथशीबा असे येते. पतीच्या जमिनीवर पत्नीचा कायदेशीर हक्क असल्यामुळे तो सोडल्याची तिची संमती घ्यावी लागे, आणि एरवी जी स्त्री कोणत्याही कागदावर दिसत नाही, ती अशा ठिकाणी सापडते.

वॉरंटावर आडनाव ‘लिंकहॉर्न’ असे पडले आहे. कारकून कानावर पडेल तसे लिहीत, त्यामुळे आडनाव शोधताना त्याची सगळी विचित्र रूपे गृहीत धरावी लागतात. या वॉरंटावरची मोजणी 7 मे 1785 रोजी लॉन्ग रन या ओढ्याकाठी झाली. आज ती जागा लुईव्हिलच्या पूर्वेला आहे. चतुःसीमा लिहिली आहे ती झाडांच्या आधारे: ओढ्याकाठच्या शुगर मेपलपासून पूर्वेला 300 पोल, तिथून उत्तरेला 213⅓ पोल बीच आणि डॉगवूडपर्यंत, मग पश्चिमेला 300 पोल व्हाइट ओक आणि हिकरीपर्यंत, आणि तिथून दक्षिणेला पुन्हा आरंभाच्या झाडाशी. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट आणि 160 चौरस पोलांचा एक एकर. गुणाकार केला तर 64,000 चौरस पोल, म्हणजे बरोबर 400 एकर भरतात. ओढे आणि टेकड्यांच्या दाट रानात हिशेब इतका चोख बसावा, याचे मला जरा नवलच वाटते.

त्याच कागदावर मोजणीची साखळी धरणारे म्हणून अनानाया आणि जोसाया लिंकन यांची नावे आहेत, तर झाडांवर खुणा करणारा म्हणून खुद्द अब्राहम लिंकहॉर्न यांचे. अशा कामाला बहुधा नात्यागोत्यातली माणसेच घेत, त्यामुळे ही नावे दुर्लक्षून चालत नाही. शिवाय अध्यक्ष लिंकन यांनी 1859 मध्ये लिहिले होते की, आजोबा 1781 किंवा 1782 च्या सुमारास केंटकीत आले आणि वर्षा-दोन वर्षांत मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारले गेले. मोजणीचा कागद मात्र त्यांना मे 1785 मध्ये हिंडताफिरता दाखवतो. घरातली आठवण आणि दप्तर यांत असा फरक पडला, तर माझा कौल दप्तराला.

मृत्यूचे वर्ष आता सहसा 1786 मानले जाते आणि इथे कायद्याची साक्ष उपयोगी पडते. मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर सगळी जमीन थोरल्या मुलाकडे जाण्याचा नियम व्हर्जिनियाने रद्द केला तो 1 जानेवारी 1787 पासून. लिंकन यांची जमीन एकट्या थोरल्या मॉर्डेकायकडे गेली, म्हणजे मृत्यू त्या तारखेपूर्वीचा असणार, हे उघड आहे. आपल्याकडे वारसनोंदीच्या फेरफारावरून मृत्यूचा काळ ठरवावा, तसाच हा प्रकार. मुलग्यांत सर्वांत धाकट्या थॉमसच्या, म्हणजे अध्यक्षांच्या वडिलांच्या, वाट्याला एक एकरही आली नाही.

जंगम मालमत्तेची यादी मात्र जमीन असलेल्या जेफरसन काउंटीत नसून नेल्सन काउंटीच्या न्यायालयात, मार्च 1789 मध्ये नोंदलेली आहे. शेजारच्या काउंट्याही धुंडाळाव्या लागतात, त्या यासाठीच. यादीत दोन घोडे, वासरांसह तीन गाई, नांगर, तीन खुरपणीच्या कुदळी, अंबाडीसारख्या फ्लॅक्सचे सूत कातायचा चरखा, डझनभर कथिली थाळ्या, करवत, तीन मापांची गिरमिटे, पिसांच्या गाद्या आणि तीन बंदुका आहेत. प्रत्येक वस्तूपुढे पौंड, शिलिंग आणि पेन्समध्ये किंमत लिहिलेली आहे. त्या काळी गुलामांचीही मालमत्तेतच गणना होई. या यादीत असा एकही माणूस नाही. चामडे कमावायच्या सुऱ्या मात्र आहेत, आणि त्यावरून घरात हा उद्योगही चालत असावा, असा माझा अंदाज आहे.

थॉमस लिंकन यांनी पुढे केंटकीत स्वतःच्या कमाईतून जमिनी घेतल्या. पण झाडांच्या भरवशावर आखलेल्या हद्दी एकमेकींवर चढल्या होत्या आणि मालकीचे वाद मिटता मिटत नव्हते. 1816 मध्ये त्यांनी कुटुंबासह इंडियानाची वाट धरली. त्याचे कारण काही अंशी गुलामगिरी, पण मुख्यतः केंटकीतल्या जमिनीच्या हक्कांची भानगड, असे त्यांच्या मुलानेच नंतर लिहून ठेवले आहे. इंडियानात केंद्र सरकारने सहा मैलांच्या चौरसांत, म्हणजे टाउनशिपांत, आणि त्यांच्या सेक्शन नावाच्या लहान चौरसांत आधीच मोजणी करून ठेवली होती, त्यामुळे तिथल्या लिंकन यांच्या जमिनीचा कागद शोधायला झाडांची नावे लागत नाहीत. टाउनशिपचा आणि सेक्शनचा क्रमांक पुरतो.