भिंतीतला घरजावई

नव्या फ्लॅटच्या मॉड्युलर किचनबरोबर जो ओव्हन भिंतीत येऊन बसतो, त्याचं घरातलं स्थान घरजावयाचं. दिसायला रुबाबदार, काळ्या काचेचा, वर्षातून चार-सहा वेळा कामाला लागणारा. आणि त्याला ‘जरा सरका’ म्हणायची कुणाची छाती नाही. मिक्सर बिघडला तर पिशवीत बसून त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. गीझर बिघडला तर सगळं घर डोक्यावर घेतलं जातं. ओव्हन बिघडला की मात्र त्यात तवे आणि कढया ठेवायला सुरुवात होते, आणि दोन वर्षांनी तो भांड्यांचं कपाट म्हणूनच ओळखला जातो.

भिंतीत बसवलेल्या वस्तूला आपण भिंतच समजतो, हे त्यामागचं खरं कारण. वास्तविक तो भिंतीत नसतोच. कपाटाच्या खणात नुसता सरकवलेला असतो, आणि दार उघडल्यावर दोन्ही बाजूंच्या कडांना दिसणाऱ्या दोन किंवा चार स्क्रूंनी धरलेला असतो. ते काढले की जावईबापू बाहेर यायला तयार.

एके काळी घरोघरी ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन होता, झाकणाला मधोमध काच असलेला. त्याची कॉइल तुटली की तुटलेली टोकं एकमेकांत अडकवून लोक पुढचा केक भाजत. उपाय तसा वाईटच. कॉइल आखूड झाली की तिचा रेझिस्टन्स कमी होतो, करंट वाढतो, आणि जोडाची जागा इतकी तापते की तार पुन्हा तिथेच तुटते. पण आत काय आहे हे डोळ्यांना दिसत होतं, म्हणून भीती नव्हती. भिंतीतल्या ओव्हनमध्येही मूळ मालमसाला तोच: निक्रोमची तार, तापमान सांभाळणारी एक वस्तू, एक-दोन पंखे, दिवा. फक्त तार आता स्टीलच्या नळीत, मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पांढऱ्या भुकटीत दडपून भरलेली असते, आणि तिला सगळे ‘रॉड’ म्हणतात.

रॉडवर आळ मात्र फार लवकर येतो. गुरुवार हा पुण्यात वीजदुरुस्तीचा वार. सकाळी गेलेली वीज दुपारनंतर येते, फ्रीज सुरू होतो, आणि ओव्हनच्या घड्याळाच्या पट्टीवर शून्यं लुकलुकायला लागतात. तिकडे कुणाचं लक्ष नसतं. रविवारी पिझ्झा लावायला जावं तर ओव्हन थंडगार. ‘रॉड गेला’ असं निदान घरातल्या घरातच होतं. रॉड ठणठणीत असतो. घड्याळवाल्या बऱ्याच ओव्हनमध्ये वेळ लावून दिल्याशिवाय हीटरकडे वीज सोडलीच जात नाही. वेळ लावायची, किंवा पट्टीवर हाताचं चिन्ह उमटेपर्यंत त्याचं बटण दाबून धरायचं (काहींत मधली दोन बटणं एकदम), एवढाच इलाज. मेकॅनिक हेच करतो आणि भेटीचे पैसे घेतो. त्यात त्याची काही चूक नाही.

घड्याळ लावूनही थंड असेल तर विजेकडे बघायचं. घरगुती भिंतीतल्या ओव्हनचा भार साधारण अडीच ते साडेतीन किलोवॅट. ३,००० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे १३ अँपिअर. एवढ्याला १६ अँपिअरचं सॉकेट, निदान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर (साडेतीन किलोवॅट असेल तर ४ ची बरी) आणि स्वतंत्र एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) हवा. बसवणाऱ्यांची एक ठरलेली खोड म्हणजे सॉकेट बरोबर ओव्हनच्या पाठीमागे देणं. तिथे धग साचते, प्लग पुरता आत गेलेला नसतो, पिना काळ्या पडतात, प्लास्टिक मऊ होतं. सॉकेट शेजारच्या कपाटात घेतलं की प्लग दिसतो, आणि काम करताना उपसून बाजूला ठेवता येतो. नुसता एमसीबी पाडून काम करायचं झालं तर त्यावर कागदी चिकटपट्टी लावावी. घरातलं कुणीतरी येता-जाता ‘हा का पडलाय’ म्हणून तो वर करतंच.

बाहेर काढायच्या आधी आतल्या जाळ्या आणि ट्रे काढून घ्यावेत, जमलं तर दारही. दार पूर्ण उघडायचं, दोन्ही बिजागऱ्यांवरच्या छोट्या कड्या पुढे पाडायच्या, मग दार अर्धवट मिटत आणून वर उचलायचं. कडी पाडायला विसरलात तर बिजागरीची स्प्रिंग अशी काही खटकन मिटते की बोट मध्ये असू नये. हे वजन गेल्यावरही ओव्हन तीसेक किलोचा उरतो. खणाच्या उंचीचं टेबल पुढे लावून, दोघांनी दोन बाजूंना धरून तो सरकवत आणायचा. पाठीमागची वायर किती लांब आहे ते आधी बघायचं. ताणली गेली तर आत टर्मिनल सुटतं आणि नसलेलं काम वाढतं.

आता रॉड. टेस्टर लावून रॉड तपासणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना हमखास चुकीचं उत्तर मिळतं. रॉड तुटलेला असला तरी टेस्टर एका टोकाला पेटतोच. दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्यावा. प्लग काढलेला असताना रॉडच्या दोन्ही वायरी सोडवायच्या. दोन्ही, नाहीतर मीटर दुसऱ्याच रॉडमधून फिरून आलेला आकडा दाखवतो. मग ओहमवर मोजायचं. किती यायला हवं हे रॉडच्या पट्टीवर छापलेल्या वॅटवरून काढता येतं: २३० गुणिले २३०, म्हणजे ५२,९००, भागिले वॅट. १,००० वॅटचा तळाचा रॉड असेल तर सुमारे ५३ ओहम, १,२०० ला ४४, पंख्याभोवतीचा २,००० वॅटचा गोल रॉड असेल तर २६. एक-दोन ओहम इकडेतिकडे चालतात. मीटरने काहीच दाखवलं नाही तर रॉड तुटला. बाहेरून फोड किंवा चीर दिसेलच असं नाही. कित्येक रॉड अगदी नितळ चेहऱ्याने मेलेले असतात.

पण नवीन रॉड आणायच्या आधी जुन्याच्या टोकावरची लग बघा. लग म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली ती ६.३ मिलिमीटर रुंदीची पत्र्याची टोपी. ती चमकत असेल तर ठीक. जांभळट-काळी पडली असेल, बोटाने हलवल्यावर सैल डुलत असेल, आणि मागचं वायरीचं आवरण टोस्टच्या कडेसारखं करपलं असेल, तर रोग तिथे आहे. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो. करपलेला भाग कापून, तांबं चकचकीत दिसेपर्यंत सोलून, उष्णता सोसणारी नवीन लग पक्कडीने घट्ट दाबायची. डाग द्यायचा नाही. नेहमीचं शिशाचं सोल्डर १८३ अंशांना वितळायला लागतं. वायर बदलायची वेळ आली तर घरातली पीव्हीसीची वायर चालत नाही, तिचं आवरण ७० अंशांपर्यंतचं असतं. सिलिकॉनची किंवा काचतंतूंच्या विणीची घ्यायची. हे सगळं पुण्यात तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात मिळतं; जुना तुकडा मात्र हातात असू द्या. ‘ओव्हनची वायर द्या’ म्हटलं की दुकानदार आधी तुमच्या तोंडाकडे बघतो.

रॉडसाठीही तेच. दाराच्या चौकटीवर, दार उघडल्यावरच दिसणारं एक स्टिकर असतं, त्यावरचा मॉडेल नंबर उतरवून घ्यायचा. शिवाय वॅट, पट्टीवरच्या दोन भोकांतलं अंतर आणि टर्मिनलची दिशा. गोल रॉड बदलायला ओव्हन बाहेर काढायचीही गरज नसते: आतला मागचा पत्रा चार स्क्रूंचा, त्यामागे रॉड दोन-तीन स्क्रूंचा. रॉड पुढे ओढला की मागून वायरी येतात. लग काढण्यापूर्वी प्रत्येक वायरीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावा. नाहीतर वायर सुळकन भोकातून मागे जाते, इन्सुलेशनच्या गादीत हरवते, आणि मग ओव्हन बाहेर काढावाच लागतो. पंख्याचं पातंही काढायचं असेल तर एक लक्षात ठेवा: त्या नटाचे आटे बहुतेक वेळा उलटे असतात. सवयीने सोडवायला जाल तर घट्टच कराल.

पावसाळ्याचं प्रकरण निराळं. चार महिने ओव्हन बंद, हवा दमट, आणि रॉडमधली ती भुकटी टोकांच्या सीलमधून ओल शोषून घेते. गणपतीत कुणीतरी पहिल्यांदा ओव्हन लावतं आणि अख्ख्या घराचा आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळली की पडणारा खटका, पडतो. मल्टिमीटरवर ओहम बरोबर येतात, म्हणून सगळे गोंधळतात. गळती नळीच्या अंगाकडे होत असते, आणि मीटरच्या इवल्याशा बॅटरीला ती दिसत नाही. तिला ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर लागतो, तो इलेक्ट्रिशियनकडे असतो. यावर ‘अर्थिंगची वायर काढून टाका, पडणार नाही’ असा सल्ला देणारे भेटतात. खरंच पडणार नाही. मग तीच गळती ओव्हनच्या पत्र्यावर येऊन तुमच्या हाताची वाट बघेल. ३० मिलिअँपिअरला पडणारा तो खटका आपल्या जिवासाठीच आहे. रॉड काढून दुसऱ्या ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर दोन-तीन तास वाळवला तर बऱ्याचदा सुधारतो. शेजारच्या काकूंच्या ओटीजीत मावला, तर त्यांना काय भाजताय ते सांगायची तयारी ठेवा. नाही सुधारला तर नवीन. आणि पुढच्या आषाढापासून आठवड्याला पंधरा मिनिटं ओव्हन रिकामाच १५० वर चालवला, तर ही वेळ सहसा येत नाही.

गरम होतो पण करपवतो, ही तक्रार तापमान सांभाळणाऱ्याची. साध्या, गोल बटणवाल्या ओव्हनमध्ये तेल भरलेला बारीक कोंब असतो, तिथून केसासारखी नळी बटणापर्यंत जाते. तेल फुगलं की वीज तुटते. नळीला चीर गेली की तेल गळतं, फुगायला काही उरत नाही, आणि ओव्हन थांबायचं नावच घेत नाही. कधी कधी मात्र कोंब नुसता क्लिपमधून निसटून भिंतीला टेकलेला असतो. परत अडकवला की संपलं. डिजिटल ओव्हनमध्ये त्या जागी बहुधा पीटी १००० सेन्सर असतो. शून्य अंशाला १,००० ओहम, आणि वर चढत जातो. मार्गशीर्षातल्या १५ अंशांच्या सकाळी तो १,०५८ दाखवेल, एप्रिलच्या ३८ अंशांच्या दुपारी ११४८ च्या आसपास. पुण्याचे ऋतू मोजणारी अशी वस्तू स्वयंपाकघरात दडलेली असते आणि आपण हवामान मोबाइलमध्ये बघतो.

वीस मिनिटं चालून ओव्हन मरतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जिवंत होतो, तेव्हा वरच्या थंड करणाऱ्या पंख्याचा संशय घ्यावा. दाराच्या वरच्या फटीतून वारा येत नसेल तर तोच. लांबट पिंजऱ्यासारख्या त्या पंख्यात तेलकट धूळ असते, झुरळंही असतात. ब्रशने साफ करून बोटाने फिरवला की मोकळा फिरायला हवा. त्याच्याविना आत धग साचते आणि सुरक्षेचा कटआउट वीज तोडतो. त्या कटआउटच्या दोन वायरी एकत्र जोडून ‘दुरुस्ती’ करू नये. त्याच्या शेजारीच लाकडी कपाट आहे.

दिव्याचं थोडक्यात. ई१४ चा (म्हणजे १४ मिलिमीटरच्या आट्यांचा), १५ किंवा २५ वॅटचा, ज्याच्यावर ३०० अंश लिहिलंय तोच. झुंबराचा एलईडी त्याच आट्यांत बसतो, आणि पहिल्याच भाजणीत वितळतो. काचेची टोपी चिकट झालेली असते, रबरी हातमोज्याने फिरते.

दाराचं रबर चार छोट्या हुकांवर अडकवलेलं असतं. कडक झालं की बदलायचं. पण काही ओव्हनमध्ये ते तीनच बाजूंना असतं आणि खालची फट हवा आत यायला मुद्दाम ठेवलेली असते. ती बुजवायला जाऊ नका.

आणि ओव्हनमध्येच मायक्रोवेव्ह असेल तर हे सगळं विसरून झाकण बंद ठेवा. त्यातला कपॅसिटर दोन हजार व्होल्टच्या वरचा असतो आणि प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. तो मेकॅनिकचाच.

नवा रॉड बसवला की खिडकी उघडून ओव्हन रिकामाच अर्धा तास २०० वर चालवायचा. थोडा धूर आणि कारखान्याच्या तेलाचा वास येतो, तो येणारच. मग परीक्षा साखरेची. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर, ओव्हन १७५ वर, पंधरा मिनिटं: दाणे जसेच्या तसे राहायला हवेत. दुसरी वाटी १९० वर: पाणी व्हायला हवं. १७५ लाच वितळली तर ओव्हन जास्त तापतो, १९० लाही दाणे राहिले तर कमी. पाच-पाच अंशांनी सरकत फरक काढायचा आणि शेजारच्या कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने लिहून ठेवायचा, जिथे गॅस सिलिंडर लावल्याच्या तारखा असतात तिथेच: ‘नानकटाई १६० हवं, १७५ वर लावणे.’