घरच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग घरातच ठेवताना

मोबाइलवर कॅमेरा लाइव्ह दिसतोय म्हणजे रेकॉर्डिंगही होत असणार, असं बरेच जण धरून चालतात. पण लाइव्ह चित्र दाखवायला डिस्क लागतच नाही. डिस्क महिनाभर बंद असली तरी अ‍ॅपमध्ये सगळं ठीकठाक दिसतं. म्हणून खरी काळजी या न दिसणाऱ्या बाजूची घ्यायची.

आधी जागेचा हिशेब. तो मेगापिक्सेलवरून करू नका, बिटरेटवरून करा, म्हणजे कॅमेरा सेकंदाला किती डेटा पाठवतो त्यावरून. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधला बिटरेट मेगाबिटमध्ये घ्या आणि त्याला १०.८ ने गुणा. दिवसाला किती जीबी लागतील ते कळतं. ४ मेगाबिटचा एक कॅमेरा दिवसाला ४३.२ जीबी भरतो, तसे चार असले तर १७३ जीबीच्या आसपास. म्हणजे २ टीबीच्या डिस्कवर जेमतेम साडेअकरा दिवस मावतात. पंधरा दिवस हवे असतील तर सरळ ४ टीबी घ्या, कारण डिस्क काठोकाठ भरून चालवणं बरं नाही. बिटरेट ‘व्हेरिएबल’ ठेवला असेल तर हिशेब कमाल आकड्यावर करा: रात्री अंधारात चित्रावर दाणे येतात, एन्कोडरला (व्हिडिओ आकुंचित करणाऱ्या भागाला) तीही हालचालच वाटते आणि फाइली फुगतात.

डिस्क सतत लिहिण्यासाठी बनवलेली हवी. डब्ल्यूडी पर्पल, सीगेट स्कायहॉक या त्याच कामाच्या. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड जोडीला असू द्या, पण फक्त त्याच्यावर विसंबू नका. कॅमेराच काढून नेला तर कार्डही त्याच्याबरोबर जातं. कार्ड घेताना ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलंच घ्या. साधं कार्ड सततच्या लिहिण्याने लवकर झिजतं.

कॅमेरा विकत घेण्याआधी तो आरटीएसपी किंवा ऑनव्हिफ (दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरलाही कॅमेरा जोडता यावा यासाठीच्या ठरलेल्या पद्धती) देतो का ते पाहा. बॅटरीवर चालणारे बरेच कॅमेरे ते देत नाहीत, मग घरचा रेकॉर्डर त्यांना जोडताच येत नाही. रेकॉर्डर म्हणून तयार एनव्हीआर (नेटवर्क कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारी पेटी) चालेल, किंवा जुन्या कॉम्प्युटरवर फ्रिगेट हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम. फ्रिगेटमध्ये रेकॉर्डिंग मेन स्ट्रीमवरून (कॅमेऱ्याच्या पूर्ण दर्जाच्या चित्रावरून) घ्या आणि हालचाल ओळखायला सबस्ट्रीम (त्याच कॅमेऱ्याचं कमी दर्जाचं, हलकं चित्र) द्या. त्यासाठी सेकंदाला ५ फ्रेम पुरतात. मेन स्ट्रीम तर जशीच्या तशी डिस्कवर उतरते, तिच्यामुळे प्रोसेसरवर फारसा ताण येत नाही. कॉम्प्युटर तापतो तो बहुतेक वेळा ओळखण्याचं कामही मेन स्ट्रीमवर लावल्यामुळे.

इथे एक खोड फार छळते. वीज जाऊन आली, कॉम्प्युटर सुरू झाला, पण रेकॉर्डिंगची डिस्क जोडली गेली नाही. जिथे डिस्क जोडायची तो फोल्डर मात्र मूळ ड्राइव्हवर रिकामा असतोच. प्रोग्राम मुकाट्याने त्यातच लिहीत राहतो, सिस्टीमचा ड्राइव्ह भरतो आणि सगळंच बंद पडतं. उपाय एकच: डिस्क जोडली गेल्याशिवाय प्रोग्राम सुरूच होऊ नये, अशी अट तो आपोआप सुरू करणाऱ्या सर्व्हिसमध्ये घाला.

वीज जाण्याचा दुसरा फटका फाइलींना बसतो. साध्या एमपी४ची अनुक्रमणिका फाइल बंद होताना शेवटी लिहिली जाते. ती लिहायच्या आत वीज गेली तर तासाभराची फाइल उघडतच नाही, आतला सगळा डेटा शाबूत असूनही. एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्रामने स्वतः रेकॉर्ड करत असाल तर एमकेव्ही हा फाइल प्रकार वापरा किंवा छोटे तुकडे करा. मग फार तर शेवटचा तुकडा जातो. रेकॉर्डर, राउटर आणि पीओई स्विच (नेटवर्कच्या वायरीतूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा) तिन्ही यूपीएसवर ठेवा. एकटा रेकॉर्डर चालू राहून काही उपयोग नाही.

मागचं फूटेज पाहताना पट्टी सरकवली की चित्र अडकतं, त्याला बहुधा की-फ्रेममधलं (अधूनमधून साठवल्या जाणाऱ्या पूर्ण चित्रांमधलं) अंतर कारणीभूत असतं. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर ते ५० फ्रेमचं ठेवा, म्हणजे दर दोन सेकंदांनी एक. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधला ‘स्मार्ट कोडेक’ बंद करा. जागा वाचवायला तो हे अंतर खूप ताणतो. एच.२६५ या व्हिडिओ आकुंचनाच्या पद्धतीने जागा बरीच वाचते, पण काही ब्राउझरमध्ये ते चालत नाही. व्हीएलसीमध्ये चालतं.

कॅमेऱ्यांचं इंटरनेट राउटरवरूनच तोडलेलं चांगलं. मात्र मग त्यांना वेळ मिळत नाही, घड्याळं सरकतात आणि दोन कॅमेऱ्यांचं फूटेज जुळेनासं होतं. रेकॉर्डरवरच एनटीपी सर्व्हर (नेटवर्कवर अचूक वेळ देणारा) चालवा आणि कॅमेऱ्यांना त्याचा पत्ता द्या. बाहेरून पाहायला वायरगार्ड हा व्हीपीएन (घरच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) लावा. कॅमेऱ्याचा किंवा एनव्हीआरचा पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडू नका. कमकुवत पासवर्ड शोधत फिरणारे प्रोग्राम असे पोर्ट सतत चाचपत असतात.

महिन्यातून एकदा आठवडाभरापूर्वीची कुठलीही एक वेळ निवडा, तिथलं दहा मिनिटांचं फूटेज पेनड्राइव्हवर काढा आणि दुसऱ्याच कॉम्प्युटरवर चालवून पाहा. पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून ठेवा; फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल उतरत नाही, आणि हे नेमकं फूटेज तातडीने हवं असतं तेव्हाच कळतं.