अबेट येतं, वेन येत नाही

परवा दुपारी कपाट आवरायला घेतलं आणि कॉलेजातली वोकॅबची वही सापडली. वोकॅबच म्हणायचो, शब्दसंग्रह म्हणण्याइतका वेळ कुणाला होता! पहिलं पान काय देखणं, लाल पेनने समास, निळ्याने शब्द, काळ्याने अर्थ. अबॅन्डन, अबेस, अबॅश, अबेट, अ‍ॅब्डिकेट... रोज 20 शब्द असा पण केलेला, म्हणजे वर्षाला 7300, म्हणजे डिग्री हातात येईपर्यंत अस्मादिक चालताबोलता शब्दकोश. चौथ्या पानावर निळा पेन संपलाय. सातव्या पानावर अ‍ॅक्रिमनी, आणि त्याच्याखाली थेट फुली-गोळा. त्यातही हरलोय.

ज्यांनी ज्यांनी कधी यादी घेऊन शब्द पाठ केलेत त्या सगळ्यांचं भांडवल हे असंच, एबीसीमधलं ए. अबेट म्हणजे ओसरणं हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन, पण जवळपास त्याच अर्थाचा वेन बिचारा डब्ल्यूत राहतो आणि तिथपर्यंत आमची गाडी कधी गेलीच नाही.

बरं, ए तरी नीट यावा ना. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थाने 1885 साली विसरण्यावर पुस्तकच लिहिलं. काहीही अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि मग त्यातलं किती शिल्लक राहिलं ते मोजायचं, हा प्रयोग पठ्ठ्याने स्वतःवरच केला. तासाभरात निम्म्याहून जास्त मेहनत पाण्यात. हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण अबेस आणि अबॅश माझ्यासाठी अर्थ नसलेली अक्षरंच होती की, शेजारी काळ्या पेनने अर्थ लिहिलेला असला म्हणून काय झालं.

याच्यावर तोडगा पण आहे म्हणा, 1972 मध्ये सेबास्टियन लाइटनर नावाच्या पत्रकाराने पाठांतराच्या कार्डांचे (पुढे शब्द, मागे अर्थ) खोके सुचवले, आलेलं कार्ड पुढच्या खोक्यात, ते उशिराने बघायचं, न आलेलं परत पहिल्यात. हल्लीची अ‍ॅप्स बरीचशी तेच करतात. माझ्याही फोनमध्ये एक आहे आणि त्यात माझी 214 कार्डं तुंबलीत, जाऊदे.

मला कायमचा आठवणारा शब्द एकच, इनॉर्मिटी. एका निबंधात लायब्ररीच्या भव्यतेबद्दल लिहायचं होतं आणि साधं साइझ लिहिणं म्हणजे कमीपणा, म्हणून समानार्थी शब्दांच्या कोशातून हा गुबगुबीत शब्द उचलला. पेपर परत आला तेव्हा त्याच्याभोवती लाल गोल आणि बाजूला सरांच्या बारीक अक्षरात, 'लायब्ररीने नेमका कोणता गुन्हा केला?' इनॉर्मिटी म्हणजे घोर दुष्कृत्य, तेव्हा कळलं. आता काही डिक्शनऱ्या प्रचंड मोठेपणा हाही अर्थ देतात, पण गेलेले मार्क कोण देतंय! तेव्हापासून कुणी यूज सोडून युटिलाइझ म्हणालं की माझं टाळकं सरकतं, उगाचच, त्याने माझं काय घोडं मारलंय.

वहीच्या खालीच आजोबांची डिक्शनरी होती, पुठ्ठा सुटलेली, दोऱ्याने बांधलेली. त्यांची एक पद्धत होती, शब्द बघितला की त्याच्यापुढे पेन्सिलीने बारीक ठिपका. परत बघायची वेळ आली तर दुसरा ठिपका. लहानपणी मी मांडीवर बसून ठिपके मोजायचो, दोनवाला सापडला की ओरडायचो, 'आजोबा, हा पण विसरलात!' आणि ते म्हणायचे, 'विसरलो नाही रे, भेटायला आलो होतो.' लाइटनर वगैरे त्यांच्या गावीही नसणार.

तर परवा तसाच आवरायचं सोडून फरशीवर बसलो आणि ठिपके मोजत सुटलो. ए ते झेड सगळीकडे आहेत, हा माणूस यादीच्या नादी लागलाच नव्हता, वाचताना अडलं की उठायचा एवढंच. बहुतेक शब्दांना एक, काहींना दोन. एसमध्ये एकाला पाच. सँग्विन. मला अर्थ आठवेना, म्हणजे बहुतेक खिन्न असावा असं वाटलं, आवाजच तसा आहे. बघितलं तर उलटंच, आशावादी, प्रसन्न. मूळ लॅटिनमधलं रक्त, अंगात रक्ताचा जोर असलेला माणूस आनंदी असतो असं जुने वैद्य मानायचे त्यावरून.

पाच वेळा. दर वेळी कुठलं पुस्तक होतं, शेवटचा ठिपका आजी गेल्यानंतरचा की आधीचा, ते असं ठिपक्याकडे बघून कळत नाही. मी विचारलंही नव्हतं, मला तेव्हा फक्त मोजायला आवडायचं.

सहावा ठिपका द्यावा म्हणून पेन्सिल शोधली. घरात एक पेन्सिल सापडेल तर शपथ.