ये म्हणजे होय, पण कुठलं होय?

परवा संध्याकाळी फोंड्यात पाऊस नुसता कोसळत होता, लाईट गेलेली, सोप्यात बॅटरी लावून बसलो होतो आणि भाची पुस्तकात एका ओळीवर बोट ठेवून म्हणते, मावशी, हे स्पेलिंग चुकलंय ना गं? वाय, ई, ए. तिला वाटलं 'येह' मधला एच छापायचा राहिला. मी म्हटलं नाही गं बाई, हा वेगळाच इंग्लिश शब्द, जुना, उच्चार 'ये', आपण कुणाला ये म्हणून हाक मारतो ना तस्साच. हल्ली व्हॉट्सॲपवर पोरं येह म्हणायचं असतं तिथे हेच स्पेलिंग टाकतात, त्यामुळे घोळ अजूनच वाढतो.

अर्थ होय. पण कुठलं होय, हे मला खरं सांगायचंय, कारण मला स्वतःला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला होता!

जुन्या इंग्लिशमध्ये होय-नाही साठी दोन नाही, चार शब्द होते. सरळ प्रश्न, म्हणजे 'तू येणार?', की उत्तर ये, म्हणजे होय, किंवा ने, म्हणजे नाही. पण प्रश्नच नकारार्थी असला, 'तू येणार नाहीस?', तर उत्तर येस किंवा नो. म्हणजे येस हा मुळात समोरच्याचं नाही खोडून काढायचा शब्द! सोळाव्या शतकात हा फरक पुसट व्हायला लागला होता, तेव्हा थॉमस मोर या इंग्लिश लेखकाने बायबलचं भाषांतर करणाऱ्या टिंडेलला यावरूनच धरलं होतं, की ने आणि नो कुठे वापरायचं ते तुला समजत नाही. १५३२ ची गोष्ट. पुढे येस-नो तेवढे उरले आणि ये-ने मागे पडले.

भाचीला हे काही केल्या डोक्यात शिरेना. मग मी विचारलं, तू दुपारी जेवली नाहीस? ती पटकन म्हणाली, 'जेवले की!' बघ म्हटलं, हा जो तुझा 'की' आहे ना, तोच त्यांचा जुना येस. आणि जेवलीस का विचारलं असतं तर नुसतं 'हो' म्हणाली असतीस, तो त्यांचा ये. जर्मनमध्ये असाच 'डोख' आहे, फ्रेंचमध्ये 'सी'. इंग्लिशने ही सोय घालवली, आपण 'की' लावून रोज वापरतो आणि आपल्या लक्षातही येत नाही.

पण ये म्हणजे दर वेळी होयच असं नाही हं. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये दोन्ही सापडतात. मत्तयच्या पाचव्या अध्यायात 'ये, ये. ने, ने' आहे, म्हणजे तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असू दे. आणि तेविसाव्या स्तोत्रात मृत्यूच्या छायेच्या दरीतून चाललो तरी, अशी ओळ आहे तिच्या सुरुवातीला जो ये आहे त्याला होय म्हटलं तर काहीच अर्थ लागत नाही, तिथे तो 'इतकंच काय' असा जोर देतो. भाचीच्या पुस्तकातला असाच होता, म्हणून ती अडली. अमेरिकेत कायदेमंडळात मतं मोजताना मात्र ये आणि ने अजून चालतात.

आपल्या लोकसभेत ऐकू येतो तो 'आय', तो वेगळा, स्पीकर म्हणतात ना 'आइज हॅव इट', म्हणजे होय म्हणणारे जिंकले. शेजारचे काका तारवटी, तीसेक वर्षं बोटीवर काढली, ते सांगतात नुसतं आय म्हणजे होय, पण 'आय आय सर' म्हणजे हुकूम कळला आणि आता करतो. एकदाच आय म्हटलं तर काम होणार की नाही ते कळत नाही!

मला मात्र राहून राहून फादर स्टीफन्स आठवत होता. जन्माने इंग्रज, १५७९ मध्ये गोव्यात आला, साष्टीत राहिला आणि मराठीत ख्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ ला राशोलला छापलं. तो लहान होता तेव्हा इंग्लंडात ये अजून चालत होता. घरी आईने काही विचारलं की ये म्हणाला असणार, आणि इथे साष्टीत लोकांना व्हय म्हणायला शिकला असणार.