पिन दाबली, हवाच आली

शिरोळ तालुक्यात उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर मिस्त्रीला जेवायला वेळ नसतो. त्यात हे काम साधंच. मागच्या उजव्या चाकाला ऑइल गळत होतं, म्हणजे ॲक्सलचं सील गेलेलं. चाक काढा, सील बदला, दोन ट्रॉल्या जोडून गाडी परत कारखान्याच्या रस्त्याला.

वजन वाढून पकड यावी म्हणून काही जण ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पाणी भरतात. त्यामुळं चाक काढायच्या आधी मी नेहमी विचारतो, आत पाणी आहे का? म्हातारे मालक म्हणाले, "न्हाई मिस्त्री, निस्ती हवा हाय." तरी मी व्हॉल्वची पिन दाबून बघितली. फुस्स, कोरडी हवा. व्हॉल्व वरच्या अंगाला होता. गाडी गिअरमध्ये असल्यामुळे चाक फिरवून तो खाली घेतला नाही. चूक इथंच झाली.

नट सुटले, चाक बाहेर आलं. मी आणि माझा पोरगा ते ढकलत भिंतीकडे नेत होतो, तर आत काहीतरी डचमळलं आणि चाक पोराच्या अंगावर कललं. मी ओरडलो. तो मागं सरला. चाक आडवं पडलं ते जॅकखालच्या लाकडी ठोकळ्यावर. क्षणभर आधी त्या ठोकळ्यापाशीच त्याचा पाय होता, तोही चपलेत.

मालकाचा लेक चहा घेऊन आला आणि म्हणाला, "काका, त्यात पाणी हाय की! मीच भरलंय, दिवाळीत." बापाला पत्ता नाही. ओल्यात टायर स्लिप मारतो म्हणून पोरानं गच्चीच्या टाकीची पाइप लावून घरीच पाणी भरलेलं. मोबाइलवर बघून. पण व्हॉल्व ठेवला कडेला, त्यामुळं पाणी निम्म्यावरच थांबलं. निम्मं पाणी असल्यावर वरच्या व्हॉल्वमधून हवाच येणार.

शिव्या देऊन झाल्यावर त्याला नीट पद्धत सांगितली. चाक जॅकवर घ्यायचं, व्हॉल्व बरोबर वर. पिन काढून खिशात ठेवायची, मातीत नाही. पाणी सोडायचं, मधेमधे पाइप काढून आतली हवा जाऊ द्यायची, नाहीतर पाणी आत जातच नाही. व्हॉल्वमधून पाणी उलटं यायला लागलं की टायर पाऊण भरला. 13.6-28 मापाच्या टायरला 20 लिटरचे सातएक कॅन लागतात, म्हणजे चाकामागं 140 किलो. दोन्ही चाकांत सारखंच पाणी, मग पिन बसवून हवा. पूर्ण गच्च भरायचं नाही, दणका सोसायला हवा लागते.

"मीठ टाकायचं का, काका?" त्यानं विचारलं. तेही मोबाइलवरचंच. थंड मुलखात पाणी गोठू नये म्हणून कॅल्शियम क्लोराइड नावाचं मीठ घालतात. गळलं तर रिम खातं. आपल्याकडं पाणी गोठतंय कुठं!

चाक बसवल्यावर रिमवर पांढऱ्या रंगानं मोठ्या अक्षरात 'पाणी' लिहिलं. म्हातारे जवळ येऊन बघत राहिले. म्हणाले, "मिस्त्री, आतल्या बाजूला लिवा की. नवी गाडी हाय."



माझा पोरगा त्या दिवसापासून बूट घालून येतो. मी अजून विचार करतोय, म्हातारे "न्हाई" म्हणाले नसते तर मी गिअर काढून चाक फिरवलं असतं का?