आमची वाटचाल : तीनशे साठ बाटल्या

फ्रान्समधल्या बोर्दो शहराच्या शार्त्रों भागात, गारोन नदीपासून दोन गल्ल्या आत आमचं दुकान. 2006 साली मी आणि बायकोने सुरू केलं. माल एकच, जुनी रेड वाइन, तीही मेदोकची, म्हणजे बोर्दोच्या उत्तरेकडच्या द्राक्षपट्ट्यातली. पहिली पाच-सहा वर्षं बरी गेली.

2012 मध्ये एका व्यापाऱ्याने मेदोकमधल्याच सँ-एस्तेफ गावच्या 1996 च्या वाइनच्या तीस पेट्या देऊ केल्या. 1996 म्हणजे डाव्या काठावर, मेदोकच्या बाजूला, काबर्ने या काळ्या द्राक्षाचं उत्तम साल, कोण सोडणार? त्याने स्वतः एक बाटली काढून चाखायला दिली. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला. कडेला विटकरी, मध्ये अजून गडद. वास देवदाराचा, तंबाखूच्या पानाचा, मागून ओला पाला. टॅनिन, म्हणजे वाइनमधला तुरटपणा, मऊ पडलेलं. कर्ज काढून पैसे भरले.

दुसऱ्या पेटीतली पहिलीच बाटली हाताला चिकट लागली. बुचावरचं वेष्टण, कॅप्सूल, काढलं तर बूच वर सरकलेलं. चव करपलेल्या मुरंब्याची. माल कुठेतरी उन्हाळाभर तापला होता. 360 पैकी विकण्याजोग्या निघाल्या 48. जाब विचारला तर म्हणाला, "चाखूनच घेतलंत ना?" वर बाजारभर सांगत सुटला, इंडियन माणसाला जुन्या वाइनमधलं काय कळतं. कळत होतं मला. त्याने निवडलेली बाटली चाखली, माझ्या हाताने उचललेली नाही, एवढंच चुकलं.

तेव्हापासून कुठल्याही तळघरात उतरताना खिशात टॉर्च आणि बिलाम, म्हणजे बूच काढायचा दोन पात्यांचा चिमटा, असतो. टॉर्च बाटलीमागे धरायची. वाइनची पातळी बाटलीची मान सोडून खांद्यावर उतरली असेल तर कारण विचारायचं. जुन्या बुचाचा स्क्रूने भुगा होतो. बिलामची दोन पाती बूच आणि काचेच्या फटीत आळीपाळीने डोलवत खाली न्यायची, मग पिळत वर ओढायचं. माझ्या बिलामचं एक पातं किंचित वाकलंय, पण नवा हातात बसत नाही.

दुकान बंद करायचं जवळपास ठरलं होतं. जवळच्या लिबूर्न गावचे एक निवृत्त रेल्वे ड्रायव्हर दर ऑक्टोबरला बायकोच्या वाढदिवसासाठी एकच बाटली नेत. त्यांना सगळं सांगितलं. काही न बोलता त्यांनी पुढच्या दहा बाटल्यांचे पैसे टेबलावर ठेवले. पावती नको म्हणाले. कर्ज त्याने फिटणार नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी शटर उघडलं.

पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांना एक सांगतोच. इथून नेलेली बाटली शोकेसमध्ये उभी मिरवू नका. आपला एक उन्हाळा तिला पुरतो. बारा-चौदा अंशांत, अंधारात, आडवी ठेवा. प्यायच्या आदल्या दिवशी उभी करा, गाळ तळाशी बसू द्या. आणि तीस वर्षांची वाइन दोन-दोन तास डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, ओतून ठेवू नका; उरलासुरला वास तिथेच उडून जातो.

कर्ज 2019 मध्ये फिटलं. तो व्यापारी अजून आमच्याच गल्लीतून जातो. 'बाँजूर' म्हणतो. मी उत्तर देत नाही.