गायिका : कामिनी

नोकरीला लागून तीनच आठवडे झाले होते. काम जुन्या तबकड्यांच्या नोंदीचं. एका घरातून खोकीच्या खोकी आली होती. बहुतेक ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या. हातातून सुटली की चुरा. मऊ फडक्यानं पुसायचं, लेबल वाचायचं, कॉम्प्युटरवर रकाने भरायचे.

त्या दुपारी ‘महल’ निघाली. १९४९चा चित्रपट, संगीत खेमचंद प्रकाश. गाण्याच्या नावावर नेमका कुण्या दुकानदाराचा जांभळा शिक्का बसलेला. गायिकेचं नाव मात्र स्वच्छ : कामिनी. आमच्या यादीत अशी कुणी नव्हती. मी ‘नवा कलाकार’चं बटण दाबलं आणि, खोटं कशाला सांगू, हरखलेच. विस्मरणात गेलेली गायिका, आणि सापडली कुणाला तर मला!

तबकडी घेऊन आतल्या खोलीत गेले. तिथल्या काकांनी सुई टेकवली. खरखर, आणि त्या खरखरीतून ‘आयेगा आनेवाला’. माझे कानच तापले. हा आवाज ओळखायला लेबल कशाला हवं?

“कामिनी म्हणजे मधुबाला गं,” काका हसले. “सिनेमातल्या पात्राचं नाव छापलंय. तेव्हा तशी रीतच होती.” रेडिओवर गाणं लागलं की श्रोते पत्रांवर पत्रं पाठवायचे, ही गाते कोण? शेवटी रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड कंपनीकडून नाव मागवलं. लता मंगेशकर.

वीस वर्षांची पोर. १९४२ साली मास्टर दीनानाथ गेले तेव्हापासून घर तिच्या कमाईवर, आणि एवढ्या गाजलेल्या गाण्यावर तिचं नावच नाही. पार्श्वगायनाला पुरस्कार नाही म्हणून फिल्मफेअरच्या समारंभात गायला तिनं नकार दिला होता, हे मी वाचलं होतं. १९५९ साली तो पुरस्कार सुरूही झाला. मला तो तेव्हा मोठ्या गायिकेचा मानीपणा वाटला होता. लेबल हातात धरल्यावर तसं वाटेना.

जागेवर येऊन ‘कामिनी’ खोडायला निघाले, तर काकांनी अडवलं. “छापलंय ते खोडायचं नाही.” अर्धा तास वाद झाला. अखेर दोन रकाने केले : लेबलवरचं नाव आणि खरं नाव. त्यापायी आधीच्या सगळ्या नोंदी पुन्हा उघडाव्या लागल्या, ते वेगळंच.

पुढच्या आठवड्यात मराठी खोकं फोडलं. ‘साधी माणसं’, संगीत : आनंदघन. यादीत नाही. बोट बटणापर्यंत गेलं, थांबलं. काकांना हाक मारली.

“तीच गं ती!” काका आतूनच ओरडले. “फक्त या वेळी नाव तिनं स्वतःच लपवलंय.”